नाव तुमचं, हुकूम कोणाचा?

परवा भाचा आमच्या गावी, सुप्याला आला तो तणतणतच. बारामतीच्या एमआयडीसीत त्याचं छोटं मशीनशॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी आणि हाताखाली दहा-बारा पोरं. आजवर ट्रॅक्टरचे आणि रिक्षांचे सुटे भाग जॉबवर्कने काढून देत आला. आता एका मोठ्या पुरवठादारामार्फत संरक्षण खात्याचं काम मिळायच्या बेतात आहे आणि त्यासाठी कागदांची एक चळत त्याच्या हातात पडली आहे. भागीदार कोण, त्यांच्या मागे कोण, कर्ज कोणाचं, परदेशी गिऱ्हाईक किती, संचालकांत कोणी परदेशी नागरिक आहे का, ड्रॉइंग कोणत्या संगणकावर राहणार, त्याची चावी कोणाकडे. चहाचा कप बाजूला सारत तो म्हणाला, "मामा, आम्ही काय हेर आहोत का? सात पिढ्या याच मातीत गेल्या. गावाला विचारा म्हणावं!"

भाच्याच्या रागाचं मला फारसं काही वाटलं नाही. नवा कागद दिसला की आपण सगळेच तडकतो. चीड आली ती त्या रागामागच्या मताची, कारण ते मत त्याचं एकट्याचं नाही. उद्योजकांच्या मेळाव्यात तेच, अर्थविषयक पुरवण्यांत तेच, लग्नाच्या पंगतीतही तेच. ते मत थोडक्यात असं आहे. कंपनीची नोंदणी भारतात, मालक आपला माणूस, कारखाना आपल्या शिवारात, कामगार आपली पोरं. पैशाला देश नसतो, तो कुठून आला हे विचारणं मागासलेपणाचं. राहता राहिले हेर, तर त्यांना पकडायला पोलीस आहेत आणि १९२३ सालचा शासकीय गोपनीयता कायदा आहे. तेव्हा मालकी, कर्ज, संचालक असलं खोदकाम म्हणजे निव्वळ लालफीत, शिवाय देशभक्त उद्योजकाचा अपमान.

हे मत पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित सभागृहात खुशाल मांडा. सुप्यात मात्र मांडू नका. या गावाने या मताची दोनदा परीक्षा घेतली आहे आणि दोन्ही वेळा ते नापास झालं आहे.

पहिला मुद्दा 'आपल्या माणसा'चा. पुणे आणि सुपे हे शहाजीराजांच्या जहागिरीतले परगणे. सुप्याचा कारभार संभाजी मोहिते यांच्याकडे होता. ते शहाजीराजांच्या पत्नी तुकाबाईंचे भाऊ, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र मामा. याहून आपला माणूस कोणता हवा? भाषा तीच, धर्म तोच, नातं घरातलं. तरीही १६५६ च्या सुमारास महाराजांनी सुपं ताब्यात घेतलं. शिमग्याचा पोस्त मागायच्या निमित्ताने ते आले आणि मामांना कैद केलं, असं बखरीत येतं. मामा काही गद्दार नव्हते, आणि त्यांना गद्दारासारखं वागवलंही नाही. सामील व्हायला ते तयार नव्हते, तेव्हा त्यांना कर्नाटकात शहाजीराजांकडे पाठवून दिलं. प्रश्न त्यांच्या रक्ताचा नव्हताच. स्वराज्याच्या मधोमध असलेल्या ठाण्यावर हुकूम कोणाचा चालतो, एवढाच प्रश्न होता. मामांना हुकूम येत होता दुसरीकडून, आणि त्या हुकमाची साखळी शेवटी विजापूरच्या दरबाराला जाऊन मिळत होती. ज्या गावात घरच्या नात्यालाही हा प्रश्न चुकला नाही, त्या गावचा भाचा एका फॉर्मवर रुसतो, याला काय म्हणावं?

आणि चौकशी म्हणजे अपमान, हे आपण कधीपासून मानायला लागलो? सहकारी सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं तर थकबाकीदार चालत नाही. उमेदवार कितीही सज्जन असो, हप्ता थकला की अर्ज बाद. त्याला कोणी चोर म्हणत नाही. ज्याच्याकडून वसुली करायची त्यालाच वसुलीच्या खुर्चीत बसवू नये, एवढं साधं शहाणपण त्यामागे आहे. पीककर्जाला बँक सातबारा मागते, तेव्हा आपण 'सात पिढ्या' सांगत बसत नाही, तलाठ्याकडे जातो. मग पाच पोती खतासाठी जे चालतं, ते तोफेच्या भागासाठी का चालू नये?

'कंपनी भारतीय आहे' हे वाक्य तर आता जपूनच वापरायला हवं. २०२५ च्या मे महिन्यात चेलेबी या तुर्की समूहाच्या भारतातल्या कंपनीची सुरक्षा मंजुरी केंद्र सरकारने रद्द केली. मुंबई-दिल्लीसह नऊ विमानतळांवर सामान चढवणं-उतरवणं, विमानांची जमिनीवरची उठाठेव करणं ही कामं तिच्याकडे होती. म्हणजे विमानाच्या पोटापर्यंत थेट वावर. कंपनीचं उत्तर काय होतं? आमची कंपनी भारतीय, ती चालवणारे भारतीय व्यावसायिक, आणि मूळ समूहाचं ६५ टक्के भांडवल तर कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, अमिराती आणि पश्चिम युरोपातल्या गुंतवणूकदारांचं. कंपनीवर मी इथे कोणताही आरोप करत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने ७ जुलै २०२५ ला तिच्या याचिका फेटाळल्या. मला रस आहे तो त्या उत्तरात. कारण एकाच कंपनीला एकाच वेळी 'भारतीय', 'तुर्की' आणि 'सहा ठिकाणच्या गुंतवणूकदारांची' म्हणता येतं, आणि तिन्ही वर्णनांना काही ना काही आधार सापडतो, एवढं त्यातून सिद्ध होतं. मग नाव आणि नोंदणीचा पत्ता यांवर विसंबून राहायचं कसं?

दुसरा मुद्दा, 'पैशाला देश नसतो'. पैशाला देश नसेलही. अटी मात्र असतात, आणि त्या कागदावर असतात. हे सुप्याला कोणी शिकवायची गरज नाही. १२ मे १८७५ रोजी, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या या गावच्या बाजारात, दख्खनच्या दंग्यांची पहिली ठिणगी पडली. शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली, पण त्यांचा खरा रोख होता वह्यांवर आणि कर्जखतांवर. तेच हुडकून काढून जाळले. का? नांगर शेतकऱ्याचा होता, बैल त्याचे होते, घाम त्याचा होता, कित्येकदा जमीनही अजून त्याच्याच नावावर होती. पण खत दुसऱ्याच्या पेटीत होतं. आणि ज्याच्या पेटीत खत, त्याच्या शब्दावर पेरणी. सावकार मारवाडी-गुजराती होते की मराठी, हा त्यातला गौण भाग. कोणत्या जातीचा माणूस धनको होता यापेक्षा, ऋणकोला 'नाही' म्हणायची सोय उरली नव्हती, हे खरं दुखणं होतं.

सरकारने पुढे काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. १८७९ साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. त्याने दिवाणी न्यायाधीशाला कर्जखताच्या मागे जायची मुभा दिली. खतावर आकडा काय लिहिला आहे एवढ्यावर न थांबता, मूळ व्यवहार कधी आणि कसा झाला, मुद्दल किती आणि व्याजावर व्याज किती, हे पहिल्यापासून तपासा, असं सांगितलं. आज भाच्याच्या फॉर्ममध्ये 'तुमच्या भागीदारांच्या मागे कोण' हा जो रकाना आहे, तो याच जातीचा आहे. खताच्या मागे जा. आमच्या पणजोबांनी जाळपोळ करून, तुरुंगवास भोगून जो प्रश्न सरकारला विचारायला लावला, तोच आज सरकारने आपणहून विचारला तर आपण त्याला लालफीत म्हणतो.

इथे कोणी लगेच म्हणेल, 'म्हणजे तुम्ही परदेशी भांडवलाच्या विरोधात!' अजिबात नाही. बारामतीच्या एमआयडीसीत एक चक्कर मारून या. ज्या ॲपे रिक्षेत बसून सुप्याचा माणूस बाजाराला जातो, ती बनवणारी पियाजिओ इटलीची. फेरेरोचं चॉकलेट बनतं, तीही कंपनी मूळची इटलीची. दुधापासून चीज बनवणाऱ्या कारखान्यात अमेरिकेची श्रायबर. त्यांच्यामुळे तालुक्यातल्या पोरांना नोकऱ्या लागल्या, गवळ्याच्या दुधाला गिऱ्हाईक मिळालं. छानच झालं. चॉकलेटची पाककृती उद्या इटलीला गेली काय आणि तिथूनच आली काय, बारामतीच्या सुरक्षेला काडीचा धोका नाही. पण तोफेचं ड्रॉइंग चॉकलेट नव्हे. एवढा फरक ज्याला कळत नाही, त्याने निदान 'उद्योगस्नेही धोरण' यावर भाषण देऊ नये.

आणि हा फरक करणारे आपण पहिले नाही. ज्या अमेरिकेचं नाव घेऊन आपले लोक मोकळ्या बाजाराचे गोडवे गातात, तिथे काय चालतं? इटलीच्याच फिनमेकानिका समूहाने २००८ साली डीआरएस ही अमेरिकन संरक्षण कंपनी विकत घेतली. इटली म्हणजे अमेरिकेचा लष्करी मित्र, नाटोतला सोबती. तरीही अमेरिकेने त्या कंपनीचं सर्वांत गुप्त काम अमेरिकन नागरिकांच्या वेगळ्या मंडळाखाली ठेवायला लावलं. नफा मालकाने न्यावा, पण गुप्त कामाच्या खोलीत त्याने पाऊल टाकायचं नाही, असा हा बंदोबस्त. मालकी विकत घेता येते, हुकूम विकत घेता येत नाही. यात कोणाचा अपमान झाला? इटालियन कंपनीने तो निमूट मान्य केला आणि धंदा केला. मित्राच्या पैशालाही ज्यांनी एवढं कुंपण घातलं, त्यांच्या देशात उद्योग बुडाले की वाढले?

तिसरा मुद्दा शिक्क्याचा. 'मेक इन इंडिया' असा शिक्का वस्तूवर बसला की प्रश्न संपला, असं समजणाऱ्यांची संख्या मोठी आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत ४०० मालवाहू ड्रोनचे तीन करार संरक्षण मंत्रालयाने रद्द केल्याचं सगळ्यांनी वाचलं. करार सुमारे २३० कोटींचे होते, भारतीय उद्योगाशीच झालेले होते, आणि कारण होतं ड्रोनमधले चिनी भाग. हे ड्रोन चीनच्याच सीमेवर रसद पोचवायला हवे होते, यातला विनोद वेगळा समजावून सांगायला नको. दुकानाची पाटी आपली आणि माल शेजाऱ्याच्या गोदामातला, हा प्रकार किराण्यात चालून जातो. पण ज्याच्या विरुद्ध उडायचं त्याच्याच बुद्धीने उडणारं यंत्र सीमेवर नेणं, याला आत्मनिर्भरता म्हणायचं असेल तर शब्दकोशच बदलावा लागेल.

चौथा मुद्दा पोलिसांचा. हेर पकडायला कायदा आहे, हे खरं. पुण्यातच, दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेचे संचालक प्रदीप कुरुलकर यांना ३ मे २०२३ रोजी एटीएसने अटक केली. पाकिस्तानी हस्तकाशी संपर्क ठेवून गुप्त माहिती दिल्याचा आरोप. तो खरा की खोटा हे न्यायालय ठरवेल. आपल्या लोकांनी मात्र त्यातून भलताच धडा काढला. घात करतो तो सरकारी अधिकारी, आम्हा खासगीवाल्यांना कशाला छळता! मला उलटा धडा दिसतो. ज्या संस्थेत दारावर पहारा, वर्षानुवर्षांच्या पडताळण्या आणि सरकारी शिस्त आहे, तिथल्या सर्वोच्च खुर्चीवर बसलेल्या माणसावर असा आरोप होऊ शकतो, तर ज्या शेडमध्ये ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर येतं आणि पेन ड्राइव्ह टेबलावर पडलेला असतो, तिथे काय?

शिवाय गोपनीयता कायदा माणसाला पकडतो, आणि तेही घडून गेल्यावर. वरातीमागून घोडं. भागभांडवलाला तो हातकडी घालू शकत नाही. कोणी कंपनीचे शेअर कायदेशीरपणे विकत घेतले, कोणी स्वस्त कर्ज दिलं आणि त्यात 'संचालक नेमताना आमची संमती' असं एक कलम घातलं, कोणी वर्षाचा निम्मा माल उचलायला लागला, यात गुन्हा कुठे आहे? एटीएसने कोणाच्या मागावर जायचं? परकी प्रभाव बहुधा रात्री कुंपण ओलांडून येत नाही. तो दिवसाढवळ्या, सीएच्या सहीशिक्क्यानिशी, पेढे वाटत येतो.

म्हणूनच टक्केवारीवर भिस्त ठेवणारेही मला पटत नाहीत. २००१ साली संरक्षण उत्पादन खासगी क्षेत्राला खुलं झालं तेव्हा परकी गुंतवणुकीची मर्यादा २६ टक्के होती. २०१४ मध्ये ती ४९ झाली, २०२० मध्ये आपोआप मंजुरीच्या मार्गाने ७४. त्याच २०२० च्या एप्रिलमध्ये शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला, त्यामागच्या खऱ्या लाभधारकासह, सरकारी परवानगी सक्तीची केली. कंपनी कायद्याच्या कलम ९० खाली लाभधारक जाहीर करायची रेघ १० टक्क्यांवर आहे. सगळं ठीक. पण हुकूम टक्केवारीने चालतो हे कोणी सांगितलं? साखर कारखान्यात एका शेअरचा मालक सगळं मंडळ नाचवतो आणि शंभर शेअरवाला सभेत मागे बसून टाळ्या वाजवतो, हे ज्याने पाहिलं नाही तो या तालुक्यातला नव्हेच.

पाचवा मुद्दा भाच्याचा लाडका. 'आम्ही काय क्षेपणास्त्र बनवतो का? एक ब्रॅकेट, दोन फ्लँज. त्यात कसलं गुपित?' एका ब्रॅकेटमध्ये नसेल. पण कोणता धातू, कोणत्या मापात, किती नग, कोणत्या महिन्यापर्यंत, हे चार आकडे एकत्र आले की जाणकाराला पुष्कळ काही कळतं. कापड विणणाऱ्याला एका धाग्यावरून नक्षी दिसत नाही, दहा विणकरांचे धागे गोळा करणाऱ्याला दिसते. आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजतात असंही नाही. परवानाधारक संरक्षण उद्योगांसाठी २०१४ साली जी सुरक्षा नियमावली आली, तिने उत्पादनाच्या संवेदनशीलतेप्रमाणे तीन वर्ग पाडले आहेत. जेवढं काम नाजूक तेवढा बंदोबस्त कडक.

इथे एक गोष्ट मान्य करतो, आणि एकच. तीच माहिती चार कचेऱ्यांना चार नमुन्यांत मागणं, उत्तराला महिनोन्‌महिने लावणं, नकाराचं कारण न सांगणं, हा निव्वळ आळस आहे. तो सुरक्षेच्या नावाखाली खपवू नये. लहान कारखानदाराला एकच फॉर्म द्या, मुदतीत उत्तर द्या, सायबर बंदोबस्ताचा खर्च झेपत नसेल तर मोठ्या पुरवठादाराने उचलावा. पण कचेरी आळशी आहे म्हणून प्रश्नच चुकीचा, हे कसलं तर्कशास्त्र? तलाठी जागेवर नसतो म्हणून कोणी सातबारा रद्द करा म्हणतं का?

आता उरले दुसऱ्या टोकाचे. त्यांचं म्हणणं सोपं आहे. परकं ते सगळं बंद करा, झेंडा जाळा, पुतळा जाळा, झालं. हेही तितकंच पोकळ आहे. चेलेबी समूहाला भारतात येऊन दीड दशक उलटलं होतं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या भारतातल्या कंपनीला मंजुरी मिळाली होती. मग २०२५ च्या मेमध्ये तुर्कस्तानाने पाकिस्तानची बाजू घेतली, रस्त्यावर घोषणा झाल्या आणि एका दिवसात मंजुरी गेली. धोका होता तर इतकी वर्षं कोण झोपलं होतं? आणि नव्हता तर त्या दिवशी कोणता उगवला? याचं उत्तर बंद लिफाफ्यात न्यायालयापुढे गेलं, तुम्हा-आम्हाला मिळालं नाही. भांडण झाल्यावर दाराला कडी लावणं म्हणजे पहारा नव्हे, ती नुसती जाग. पहारा दोस्ती असताना करायचा असतो, शांतपणे, सगळ्यांवर सारखा.

तो न केल्याची किंमत मराठ्यांनी एकदा मोजली आहे. दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजा त्या काळच्या हिंदुस्थानातल्या नामांकित. तोफखाना उत्तम, शिस्त उत्तम, आणि वर युरोपीय अधिकारी. १८०३ च्या युद्धाला तोंड लागताच इंग्रजांनी जाहीरनामा काढून त्या अधिकाऱ्यांना आपल्याकडे बोलावलं. ब्रिटिश अधिकारी निघून गेले, सरदार पेराँ या फ्रेंच सेनापतीने ऐन सप्टेंबरात चाकरी सोडून इंग्रजांचा आसरा घेतला. त्याच महिन्यात अलीगढ पडलं आणि असईची लढाई हरली. परकी माणसं ठेवली ही शिंद्यांची चूक नव्हती. त्यांच्याकडून विद्या घेतली हे शहाणपणच. चूक ही, की लढाई कोणाशी होणार आणि त्या दिवशी हे अधिकारी कोणाला 'नाही' म्हणू शकतील, हा हिशोब वेळीच झाला नाही. आणि असं नव्हे की कोणी सांगितलं नव्हतं. त्याआधी जवळजवळ नव्वद वर्षं रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांबद्दल, बजावलं होतं. हे दिसायला सावकार असले तरी इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत. व्यापाऱ्याच्या मागे कोण उभं आहे ते पाहा, हा सल्ला आपल्याकडे तीनशे वर्षं जुना आहे. तो अमेरिकेहून आयात करायची गरज नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, आणि ठासून सांगतो. गुप्त कामात मालकाचं नाव काय, हा प्रश्नच दुय्यम आहे. ज्याला तुम्ही 'नाही' म्हणू शकत नाही, तोच तुमचा खरा मालक, मग त्याचं नाव भागधारकांच्या यादीत असो वा नसो. तो धनको असेल, निम्मा माल उचलणारं गिऱ्हाईक असेल, मशीनचं सॉफ्टवेअर दूरवरून बंद करू शकणारा विक्रेता असेल. त्याचं नाव काम मिळण्याआधी विचारलं पाहिजे, दरवर्षी विचारलं पाहिजे, मालकी बदलली की त्याच दिवशी विचारलं पाहिजे. भाच्याला विचारलं पाहिजे, आणि त्याच्या शंभरपट मोठ्या उद्योगसमूहाला तितक्याच कडकपणे विचारलं पाहिजे. मोठ्याला सूट आणि लहानाला फॉर्म, असं असेल तर मी भाच्याच्या बाजूने पहिला उभा राहीन.

त्या दुपारी मी त्याला फॉर्ममधला एकच रकाना पुन्हा वाचायला लावला. 'एकूण विक्रीपैकी सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचा वाटा.' त्याने मोबाइलवर हिशोब केला. निम्म्याहून जास्त. म्हटलं, "उद्या त्यांचा फोन आला, ते दुसरं ड्रॉइंग जरा पाठव म्हणून, तर?" तो काही बोलला नाही. कप उचलून गार झालेला चहा पिऊन टाकला.

खत कोणाच्या पेटीत आहे हे विचारायला बाकी कोणी लाजो, १८७५ च्या सुप्याच्या माणसाने तरी लाजू नये.